कॅम बदलला आणि कंप्रेशन बसलं (जिप्सी एमपीएफआय, इंदूर)

भेरूघाट | शनिवार, रात्री ११.१०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. (हो, माहितेय, सगळे असंच म्हणतात.)

गाडी जिप्सी, फौजेच्या लिलावातून आलेली, इंजिन जी१३बीबी. गेल्या महिन्यात हौस म्हणून बाहेरचा कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला, म्हणजे लिफ्ट जास्त (वॉल्व्ह जास्त उघडतो), ड्युरेशन जास्त (जास्त वेळ उघडा राहतो). सोबत कागद आहे, त्यावर इनटेक (हवा आत घेणारा वॉल्व्ह) टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर) ३० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली) ७० ला मिटतो असं छापलंय. कॅम मी आणि माझ्या आतेभावाने घरच्या पोर्चमध्ये दोन रविवारांत बसवला. हेड उतरवलं नाही.

आता गाडी सकाळी दहा-बारा सेकंद सेल्फ खाते, मग कशीबशी लागते. आयडलला बोनेट असं हलतं की वर ठेवलेला पाना चालत चालत खाली पडला. अडीच हजार आरपीएमच्या खाली जीवच नाही. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे गेलो तर भेरूघाटात पहिला टाकावा लागला, आणि मागून उसाची ट्रॉली हॉर्न मारत होती. ट्रॉली!

आज कंप्रेशन (सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते) मोजलं. १: ९२, २: ९५, ३: ९०, ४: ६४ पीएसआय.

इथल्या मेकॅनिकचं एकच म्हणणं, "भिया, रिंगा गेल्या, पूरा इंजन खोलना पड़ेगा." खर्च ऐकून मी पोहे अर्धे सोडून उठलो. इंजिन उघडण्याआधी काय काय तपासू?

पिस्टनपंत | शनिवार, रात्री ११.३२

९० म्हणजे पिस्टनच्या रिंगाच. लिलावाची गाडी, फौजी पोरांनी पिळून काढलेली असणार. बोअर कर, ओव्हरसाइज पिस्टन टाक, मोकळा हो. आणि आता चौथ्यात ६४ आहेत म्हणजे हेड गॅस्केटही धर.

खरादमास्तर | रविवार, सकाळी ६.४५

पंत, जरा दम धरा. महिन्याभरापूर्वी गाडी घाट चढत होती ना? रिंगा काय कॅमच्या डब्यासोबत घरी येऊन झिजल्या?

भेरूघाट, आधी या प्रश्नांची उत्तरं दे. मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता का? चारही प्लग काढले होते की एकेक काढून मोजलं? बॅटरी कशी आहे? गेज प्लगच्या आट्यात बसणारं आहे की रबराची बोंडी दाबून धरायची? आणि कॅम टाकण्याआधीचा आकडा आहे का कुठे?

भेरूघाट | रविवार, सकाळी ९.२०

मास्तर, लाज वाटते पण सांगतो. ॲक्सिलरेटरला हात लावला नाही. एकेक प्लग काढला, बाकीचे तीन जागेवर. बॅटरी तीन वर्षांची आहे. गेज आट्यांचं, छोटी ग्वालटोलीतून घेतलेलं. आधीचा आकडा आहे: दिवाळीत एका गॅरेजने मोजून दिला होता, १७२, १७०, १७४, १६८.

खरादमास्तर | रविवार, सकाळी ९.५०

मग कालचे आकडे कचऱ्यात टाक. थ्रॉटल बंद म्हणजे इंजिनाचं नाक दाबून "श्वास घे" म्हणणं झालं. हवाच आत गेली नाही तर दाबणार काय? आणि तीन प्लग जागेवर असले की सेल्फ तीन सिलिंडरांशी कुस्ती खेळत चौथ्याला फिरवतो, इंजिन रांगतं.

आता नीट कर. इंजिन कोमट, चारही प्लग बाहेर, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढ, इग्निशनचा कनेक्टर काढ. पेट्रोल चालू ठेवून सेल्फ मारत बसलास तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं आणि त्याने कंप्रेशन आणखी पडतं. बॅटरीला शेजारच्या गाडीची जोड दे. आतेभावाला आत बसवून पाय पूर्ण दाबायला लाव. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके, सहा किंवा सात. पहिल्या ठोक्याला काटा किती उडाला तेही लिही.

एक बारीक गोष्ट. गेजच्या नळीच्या तोंडाशी टायरसारखा छोटा वॉल्व्ह असतो. तो खराब झाला म्हणून कुणी साधा टायरचा टाकला असेल तर गेज कमी दाखवतं, कारण टायरवाल्याची स्प्रिंग कडक. माझ्याकडे एका पोराचं इंजिन तेवढ्यासाठी उघडायच्या बेतात होतं.

भेरूघाट | रविवार, दुपारी १.१५

वॉल्व्ह मूळचाच आहे, पाहिला. सांगितल्याप्रमाणे पुन्हा मोजलं:

१: ११०, २: ११२, ३: १०८, ४: ८०.

वाढलं, पण दिवाळीचे १७० कुठे आणि हे कुठे.

विश्वामित्रीकाठ | रविवार, दुपारी २.०५

बडोद्याहून. माझ्या जिप्सीचा कॅम मूळचाच आहे, गेल्या वर्षी १८२ च्या आसपास होतं चारही सिलिंडरला. तुझं दिवाळीचं १७० हेच मुळात कमी नाही का?

खरादमास्तर | रविवार, दुपारी २.४०

नाही. तुम्ही समुद्रापासून चाळीसेक मीटर वर, आम्ही साडेपाचशे. माळव्याच्या पठारावर हवा साधारण सहा टक्के पातळ. आत जितकी जाईल तितकीच दाबली जाणार. इंदूरचे १७० म्हणजे बडोद्याचे १८० धरा. सुझुकीच्या १.३ च्या मॅन्युअलमध्ये १४ किलो (प्रति चौरस सेंमी) हे प्रमाण आणि १२ किलो, म्हणजे १७० पीएसआय, ही खालची मर्यादा दिलीय, ४०० आरपीएमला. सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. दिवाळीत हे इंजिन ठणठणीत होतं.

आता मुद्द्याचं. चार आकडे बघा. तीन एका ओळीत उभे आहेत, चौथा वेगळा पडलाय. रिंगा चारही सिलिंडरच्या एकदम, एकाच महिन्यात, इतक्या मापात झिजत नाहीत. सगळे सारखे बसले की कारण सगळ्यांत सामाईक असतं: कॅम, टायमिंग, थ्रॉटल, सेल्फचा वेग. एकटाच बसला तर त्याचं दुखणं त्याच्या घरात: वॉल्व्ह, रिंग, गॅस्केट. भेरूघाट, तुझ्याकडे दोन वेगळ्या भानगडी आहेत. एकीने दुसरीला झाकू देऊ नकोस.

पिस्टनपंत | रविवार, दुपारी ३.००

मास्तर, कॅमने कंप्रेशन कसं पडेल? कंप्रेशन रेशो तर पिस्टन आणि हेडवर ठरतो. ९ चा ९ च राहणार.

खरादमास्तर | रविवार, संध्याकाळी ७.३०

दुकान बंद करून आलोय, चहा घेऊन बसलोय, तेव्हा सविस्तर लिहितो.

पंत, रेशो कागदावर ९ च राहतो. पण पिस्टन खालून वर निघाला म्हणून हवा लगेच दाबली जात नाही. इनटेक वॉल्व्ह अजून उघडाच असतो. तो मिटेपर्यंत पिस्टन हवा आल्या वाटेनं परत ढकलत असतो. सायकलच्या पंपाला अर्ध्यावर भोक पाडा, दट्ट्या भोकाच्या पुढे गेल्यावरच जोर लागेल, तसं. जास्त ड्युरेशनचा कॅम म्हणजे ते भोक आणखी वर.

या इंजिनाचा बोअर ७४, स्ट्रोक ७५.५ मिमी. रॉड १२० धरला, आणि मूळ कॅम बीडीसीनंतर ५० ला मिटतो असं धरलं. मिटण्याच्या क्षणी पिस्टनला वर जायला साडेपासष्ट मिमी उरतात, आणि खरा दाबायचा रेशो ९ नाही, साधारण ७.९ येतो. भेरूघाटचा नवा कॅम ७० ला मिटतो: उरले ५६ मिमी, रेशो ६.९. इंदूरची हवा धरून आणि दाबताना भिंतीत जाणारी उष्णता वजा करून ढोबळ हिशेब केला तर पहिल्याला १६८ च्या आसपास, दुसऱ्याला १४० च्या आसपास पीएसआय.

म्हणजे तीस पीएसआय नव्या कॅमचा स्वभाव आहे. ते परत मिळणार नाहीत, मागूही नयेत. वरच्या आरपीएमला हवा स्वतःच्या वेगाने आत घुसत राहते, तेव्हा हा उशीर उपयोगाचा. सेल्फच्या वेगाला आणि घाटात दुसऱ्या गियरला तो तोट्याचा.

पण तुझे आकडे १४० नाहीत, ११० आहेत. हे तीस कुठे गेले? कॅम एक दात मागे बसला असेल तर? कॅमच्या पुलीचे दात मोज आणि ७२० ला त्याने भाग. ४० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. इनटेक ७० ऐवजी ८८ ला मिटेल, रेशो ५.८ वर येईल, आणि गेजवर दिसतील १०९.

एकशे नऊ. बघ तुझे आकडे.

विश्वामित्रीकाठ | रविवार, रात्री ८.०२

अरे बापरे. मास्तर, तुमच्या वहीला नमस्कार.

भेरूघाट | रविवार, रात्री ८.१५

पण खुणा जुळवूनच टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा) चढवला होता मास्तर! फोटोही आहे. कॅमची खूण बरोबर, क्रँकची खूण बरोबर.

खरादमास्तर | रविवार, रात्री ८.४०

बेल्ट चढवल्यावर, टेन्शनर आवळल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा *पुन्हा* पाहिल्यास?

भेरूघाट | रविवार, रात्री ८.४४

...

खरादमास्तर | रविवार, रात्री ८.५०

तेच. बेल्टची एक बाजू ओढणारी, एक बाजू टेन्शनरची. ओढणाऱ्या बाजूला थोडी ढील राहिली तर फोटोत खुणा छान दिसतात. क्रँक फिरला की आधी ती ढील खातो, मग कॅमला ओढतो, तोवर कॅम मागे राहिलेला असतो. ढील नेहमी टेन्शनरच्या बाजूलाच हवी.

पण आत्ता त्याला हात लावू नकोस. आधी चौथा सिलिंडर. कारण त्याचा वॉल्व्ह पिस्टनला लागून वाकला असेल तर हेड उतरवावंच लागेल, मग बेल्ट दोनदा कशाला.

चौथ्यात प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल सोड, दोन-चार ठोके मार, पुन्हा मोज. आकडा जोरात वाढला तर रिंग. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

जयविलास | रविवार, रात्री १०.२०

ग्वाल्हेरहून लिहितो. माझ्याकडे हेच झालं होतं, वेगळ्या गाडीत. कॅम मागे पडला, एक्झॉस्ट वॉल्व्ह पिस्टनला टेकला, वाकला. ८० म्हणजे वाकलाच समज. हेड उतरव, वेळ घालवू नको.

भेरूघाट | सोमवार, रात्री ९.३०

ऑइल टाकून: ८० चे ८४. पंत, रिंगांना माफ करा.

मग मास्तरांनी फोनवर सांगितली ती हवेची टेस्ट केली. इथेही लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चौथा सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीला आणला. गेजच्या नळीतला तो छोटा वॉल्व्ह काढून टाकला, नळी प्लगच्या आट्यात बसवली आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या पंक्चरवाल्याकडची हवेची नळी. तीन किलो हवा सोडली. गाडी चौथ्या गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. क्रँकच्या बोल्टवरचा पाना आधी काढून ठेवा, मास्तरांनी हे तीनदा बजावलं. पिस्टन जरा जरी बाजूला असला तर हवा इंजिन फिरवते आणि पाना मनगट मोडतो.

मग कान लावत फिरायचं. ऑइलच्या झाकणाशी: किंचित सूं, तेवढं सगळ्यांनाच असतं म्हणे. थ्रॉटल बॉडीशी: काही नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे: नाहीत. आणि सायलेन्सरच्या टोकाशी... फुस्स्स. आई ओट्यावर भाजी निवडत होती, तिथून म्हणाली, "गाडीला दमा झालाय रे तुझ्या."

एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत नाहीये, नक्की. जयविलास दादा म्हणतात तसा वाकला असेल का? झोप येत नाहीये.

खरादमास्तर | सोमवार, रात्री ९.५५

झोप. वाकलाय की कुणीतरी त्याला दाबून ठेवलंय, हे हेड न उतरवता कळतं. उद्या सकाळी पुन्हा हवा लाव, टॅपेटचं (वॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) कव्हर काढ आणि चौथ्याच्या दोन्ही एक्झॉस्टचे स्क्रू एक-एक फेरा सैल कर. फुस्स थांबलं तर वॉल्व्ह सरळ आहे, टॅपेट टाइट होता. चालूच राहिलं तर हेड.

आणि ऐक, सोळा झडपांचं एवढं काय घेऊन बसलास. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांकडे ड्युझेनबर्ग होती, आठ सिलिंडर, दोन कॅम आणि बत्तीस वॉल्व्ह. १९३० च्या दशकात. ते टॅपेट इंदुरात कोण लावत असेल, हा विचार मी अजूनही अधूनमधून करतो.

भेरूघाट | मंगळवार, सकाळी ८.४०

थांबलं!!!

फीलर गेज घेऊन सगळे सोळा तपासले. पंधरा ठीक. चौथ्याच्या आतल्या बाजूच्या एक्झॉस्टमध्ये सर्वांत पातळ पट्टीसुद्धा शिरेना. स्क्रू सैल केला, फुस्स एकदम बंद, जणू कुणी नळ फिरवला.

चूकही कळली. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरला. मी पट्टी आधी काढून मग नट आवळत होतो. आतेभाव म्हणतो चौथा सिलिंडर मी केला, मी म्हणतो तू केलास. घरात शीतयुद्ध सुरू आहे.

जयविलास | मंगळवार, सकाळी ९.१०

अभिनंदन. माझा सल्ला मागे. वाचलास.

खरादमास्तर | मंगळवार, दुपारी १.३०

पट्टी आत ठेवूनच नट आवळायचा, स्क्रू पेचकसाने धरून. आणि आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा सरकवून बघायची. ती अडत-अडत निघाली पाहिजे, लोण्यातून सुरी निघाल्यासारखी नको आणि दात काढल्यासारखीही नको. गॅप कॅमच्या कागदावरचा ठेव, मूळ मॅन्युअलचा नाही, आणि तो आकडा थंडचा की गरमचा ते वाच.

टाइट एक्झॉस्टवर महिनाभर गाडी हाकलीस, त्याची सीट थोडी भाजली असेल. एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटला टेकतो तेव्हाच थंड होतो. हजारेक किलोमीटरनंतर चौथ्याची हवेची टेस्ट पुन्हा कर.

आता बेल्ट.

भेरूघाट | रविवार, रात्री ७.५०

बेल्ट झाला. क्रमाने सांगतो.

सोडण्याआधी क्रँक दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्या. क्रँक जागेवर, कॅम एक दात मागे. मास्तरांची वही जिंकली.

खुणांवर माझा विश्वास उरला नव्हता म्हणून चकतीही लावली. जुन्या सीडीवर कोनमापकाने ३६० खुणा केल्या, क्रँकच्या पुलीला चिकटवली, तारेचा काटा. खरा टीडीसी नुसत्या नजरेने सापडत नाही, कारण पिस्टन वर थोडा वेळ थांबल्यासारखा वाटतो. मास्तरांची युक्ती: प्लगच्या भोकातून पिस्टन अडवायचा, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने, आणि दोन आकड्यांच्या मधोमध टीडीसी. इनटेकच्या रॉकरवर उसना डायल गेज. कागदाप्रमाणे इनटेकची पूर्ण लिफ्ट टीडीसीनंतर ११० ला हवी (उघडणं ३०, मिटणं ७०, मध्य काढा). माझी येत होती १२८-१२९ ला.

बेल्ट एक दात पुढे घेतला, ढील टेन्शनरच्या बाजूला, दोन फेरे, खुणा, पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. आतेभाव म्हणाला आता आरती पण कर. चकतीवर ११०-१११.

पहिल्या फिरवण्यात हात घाबरत होता. मास्तरांचं वाक्य डोक्यात होतं: हाताने फिरवताना कुठे *टक्* लागलं तर तिथेच थांब, जोर लावणारा माणूस नंतर हेड उतरवतो. काही लागलं नाही.

कंप्रेशन: १३८, १४१, १३७, १३६.

पिस्टनपंत | रविवार, रात्री ८.१०

१३६ म्हणजे अजून कमीच की.

खरादमास्तर | रविवार, रात्री ८.२०

पंत!

(चौथा बाकीच्यांच्या मापात आला, ते बघा. फरक पाच पीएसआय. आणि १४० चा हिशेब वर दिलाय.)

विश्वामित्रीकाठ | रविवार, रात्री ८.४५

गाडी चालते कशी ते सांग ना राव.

भेरूघाट | रविवार, रात्री ९.३०

सेल्फला दोन सेकंदांत लागली. आयडल अजून जरा उड्या मारतो, पण पाना बोनेटवर टिकतो. साडेतीन हजारांनंतर मात्र जी ओढते... सुपर कॉरिडॉरला आतेभावाने तोंडाने आवाज काढायचं बंद केलं.

आज सकाळी भेरूघाट. दुसऱ्यात चढली. पण खरं सांगू? दुसऱ्यात *रेस करून* चढली. मूळच्या कॅमवर याच वळणांना तिसऱ्यात, दोन हजारांवर, गप्पा मारत जायचो.

खरादमास्तर | रविवार, रात्री १०.००

हे तू आता स्वतः म्हणालास, मी आठ दिवस गिळून बसलो होतो. कॅमचा दोष नाही आणि आता तुझ्या बसवण्याचाही नाही. पण तू जानापावला चिखलात जाणार, घाटात ओझं घेऊन जाणार. तुला जोर खाली लागतो आणि या कॅमने खालचा काढून वर ठेवलाय. हेड घासून रेशो वाढवला तर थोडं परत मिळेल. ॲडजस्टेबल पुली टाकून कॅम तीन-चार अंश पुढे घेतला तर इनटेक लवकर मिटेल, खाली थोडा जीव येईल. शिवाय ही गाडी मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालते, आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडीवर लोड आहे आणि तो पेट्रोल ओततो. ॲव्हरेज बघ महिनाभर.

जुना कॅम टाकलास की आहे?

भेरूघाट | रविवार, रात्री १०.१२

आहे. ग्रीस फासून, पेपरात गुंडाळून माळ्यावर, आईच्या पापडाच्या डब्यामागे. रॉकर क्रमाने ठेवलेत ना, असं विचारणार असाल तर हो, तेवढी अक्कल होती.

भेरूघाट | तेवीस दिवसांनी

ॲव्हरेज पावणेनऊ. येत्या रविवारी जुना कॅम परत टाकतोय.

नवा कॅम कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कागद सोबत मिळेल, सीडीची चकती फुकट. बेल्ट लावायला मी येईन, टॅपेट मात्र आतेभाव लावणार नाही.